जमिनीला विचारून पायताण

— एक विद्यार्थिनी, बी. ए. भाग २

कोल्हापूरला समुद्र नाही. आपल्याला आहे ती पंचगंगा, आणि सुट्टीच्या दिवशी भेळ खात बसायला रंकाळा. तेव्हा कोल्हापूरच्या एका विद्यार्थिनीने 'प्रवासी जहाजाच्या निसरड्या डेकवर कोणते पायताण घालावे' या विषयावर लेख लिहावा, हे पाहून काही वाचकांना हसू येईल. वर्षापूर्वी मलाही आले असते. परंतु विषय कधी कधी आपण शोधत नाही, तोच घरी चालत येतो. हा विषय आमच्या घरी आला तो माझ्या आतेभावाच्या पायांनी.

आमचे घर चपला करणाऱ्यांचे. आबा कातडे कापतात, तळ शिवतात. आई वेण्या घालते, पट्ट्यांचे नाजूक काम करते. महाविद्यालयाची पायरी चढलेली घरात मी पहिलीच. माझ्या आतेभावाने हॉटेलच्या कामाचा अभ्यासक्रम पुरा केला आणि गेल्या पावसाळ्यात त्याला एका प्रवासी जहाजावर स्वयंपाकघरात नोकरी लागली. निघण्यापूर्वी तो आमच्याकडे आला आणि आबांना म्हणाला, "मामा, मला एक झ्याक जोड करून द्या. जहाजावर सगळ्यांस्नी दावतो, कोल्हापुरी काय असती ती."

आबांनी हातातली रापी खाली ठेवली. म्हणाले, "जोड देतो. पर ती बंदराला उतरल्यावर घाल. जहाजावर कामाला ही न्हाई चालायची."

आई आतून ऐकत होती. पावसाळा म्हणजे आमच्या धंद्याचा पडता काळ. ती म्हणाली, "चार दिवसांनी एक गिऱ्हाईक आलंय, त्ये बी घरचं, आन् तुमी त्येलाच न्हाई म्हंताय?"

आबा एवढेच म्हणाले, "पाय त्येचा हाय, पर जमीन जहाजाची हाय. जमिनीला इचारून पायताण घ्यावं."

मला ते बोलणे त्या दिवशी मुळीच आवडले नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांच्या कारागिरांचा तो मान. २०२५ च्या जूनमध्ये मिलान शहरात 'प्राडा' या इटालियन कंपनीने अशाच घडणीच्या चपला मंचावर आणल्या, आपले नाव मात्र घेतले नाही. इकडे ओरड झाल्यावर मूळ भारतीय असल्याचे मान्य केले. ज्या चपलेसाठी आपण एवढे भांडतो, तिच्याविषयी तिच्याच कारागिराने 'चालायची नाही' म्हणावे, हे मला उणेपणाचे वाटले.

परंतु आबा तसे का बोलले, हे मला आठवायला हवे होते. चार वर्षांपूर्वी श्रावणात ते पंचगंगेच्या घाटावर गेले होते. पायांत स्वतःच शिवलेली नवी जोड होती. पायऱ्या दगडी, वर पावसाने धरलेले शेवाळ. टाच टेकली आणि पाय पुढे गेला. पडताना त्यांनी उजवा हात मागे टेकला आणि मनगट मोडले. रापी धरणारा तो हात. तीन महिने तो गळ्यात अडकवलेला होता आणि घर आईच्या वेण्यांवर चालले. त्या वर्षी माझा महाविद्यालयातला प्रवेश राहतो की काय, अशी वेळ आली होती. मित्रहो, पाय घसरणे ही हसण्याची गोष्ट आहे असे आपण मानतो. हातावर पोट असणाऱ्याच्या घरी ती तशी नसते.

मग मी ठरवले की आबांच्या वाक्याचा अर्थ नीट समजून घ्यायचा. घर्षणाचा धडा शाळेत मी पाठ केला होता, त्यावर गुणही मिळवले होते. पण तो धडा आपल्या पायाखालीच पसरलेला आहे, हे तेव्हा कळले नव्हते.

पाय घसरतो म्हणजे काय होते?

आपण चालतो ते जमिनीला मागे रेटून. जमीन आपल्या तळव्याला धरून ठेवते म्हणून आपण पुढे जातो. हे धरून ठेवणे म्हणजे घर्षण. चालताना सर्वांत धोक्याचा क्षण कोणता, तर टाच जमिनीला टेकते तो. त्या क्षणी पायताण थोडे तिरपे असते, जमिनीला लागते ती फक्त टाचेची मागची कड, आणि अंगाचा भार त्या चार बोटांच्या जागेवर येऊ लागतो. तिथे पकड मिळाली नाही तर पाय पुढे सरकतो आणि माणूस पाठीवर पडतो. आबा असेच पडले. पाऊल उचलताना चवडा मागे सरकला तर बहुधा दुसऱ्या पायावर सावरता येते. टाच सरकल्यावर सावरायला वेळच मिळत नाही.

आता मध्ये पाणी आले की काय होते? जमीन आणि तळ यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर राहतो. तो बाजूला सारला गेला तरच तळ जमिनीला भिडतो. तळ गुळगुळीत असेल तर पाण्याला बाहेर जायला वाट नाही. मग आपण जमिनीवर नव्हे, पाण्यावर उभे असतो. तळाला बारीक खाचा असतील तर पाणी त्यांत शिरते आणि मधला रबराचा भाग जमिनीला चिकटतो. मोटारीच्या टायरवर नक्षी असते ती शोभेसाठी नव्हे, याचसाठी. टायर 'गोटा' झाला की पावसात गाडी घसरते, हे आपल्याकडे प्रत्येक रिक्षावाल्याला माहीत आहे.

दुसरी गोष्ट तळाच्या पदार्थाची. मऊ रबर जमिनीच्या बारीक खडबडीत शिरते आणि तिला घट्ट धरते. कडक प्लॅस्टिक तसे शिरत नाही. आणि आमचे कातडे? कोल्हापुरीचा तळ बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेल्या कातड्याचा. थरावर थर ठेवून वादीने शिवलेला, खिळा नाही. कोरड्या मातीवर, फरशीवर, उन्हातान्हात यासारखे पायताण नाही. ते घाम शोषते, पायाचा आकार घेते. पण जो गुण घाम शोषतो तोच पाणीही शोषतो. भिजलेले कातडे फुगते, सैल होते, आणि वापराने घोटून गुळगुळीत झालेला तळ ओल्या दगडावर बुळबुळीत होतो. त्यात टाचेला मागून पट्टा नाही; पाय धरायला अंगठा आणि वरचा पट्टा एवढेच. हा चपलेचा दोष नव्हे. ती ज्या जमिनीसाठी जन्मली ती जमीन वेगळी, एवढेच.

जहाजाची जमीन

आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला जहाज अगदीच परके नव्हते. मुंबईहून कोकणात आणि गोव्यात आगबोटी जात. 'बोट लागली' हा शब्दप्रयोग आपल्या भाषेत त्याच प्रवासाने आणला. अलीकडे २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई–गोवा मार्गावर 'आंग्रिया' हे प्रवासी जहाज सुरू झाले होते. पुढे त्याच्या फेऱ्या थांबल्या. २०२१ च्या सप्टेंबरपासून 'कॉर्डेलिया'च्या सहलीही मुंबईहून निघू लागल्या. म्हणजे पर्यटक म्हणून किंवा नोकरीसाठी आपल्यापैकी कोणाला तरी डेकवर चालण्याची वेळ येणारच आहे.

डेक म्हणजे जहाजाचा मजला. उघड्या डेकवर कुठे सागवानी फळ्या असतात, कुठे रंग दिलेला पोलादी पत्रा, पोहण्याच्या तलावाभोवती फरश्या, आणि जिन्यांच्या पायऱ्यांना धातूच्या कडा. साग पाण्याने लवकर कुजत नाही आणि ओला झाला तरी फार निसरडा होत नाही, म्हणून जहाजांवर त्याला पूर्वीपासून मान. रंगवलेला पत्रा मात्र ओला झाला की घात करतो. म्हणून पुष्कळदा त्या रंगात वाळूसारखी खर मिसळतात.

डेक ओला व्हायला पाऊसच लागतो असे नाही. लाटांचे तुषार उडतात, रात्री दव पडते, सकाळी धुलाई होते. समुद्राचे पाणी वाळले तरी मागे मीठ राहते, आणि ते मीठ हवेतली ओल ओढून घेते. पावसाळ्यात आपल्या घरातली मिठाची बरणी पाहा, म्हणजे कळेल. तलावाभोवती साबण आणि अंगाला लावायची तेले पडतात. स्वयंपाकघरात पाण्याला तेलाची जोड मिळते.

आणि सर्वांत मोठा फरक म्हणजे ही जमीन हलते. जहाज डोलले की सपाट मजला उतार बनतो. उतारावर दोन गोष्टी एकदम घडतात: आपले वजन आपल्याला खाली ओढू लागते, आणि तळ जमिनीवर दाबला जातो तो दाब कमी होतो. म्हणजे ओढ वाढते आणि पकड घटते. घाटाच्या पायऱ्या निदान जागच्या जागी राहतात!

हे पाहण्यासाठी मी घरी एक साधा प्रयोग केला. दुकानातली एक गुळगुळीत फळी घेतली, ती ओली केली, आणि तिच्यावर पाळीपाळीने चार पायताणे ठेवली. प्रत्येकात एक किलोचे वजन. मग फळीचे एक टोक हळूहळू उचलत गेले. सर्वांत आधी घसरली ती न्हाणीघरातली झिजलेली स्लीपर. तिच्या पाठोपाठ भिजवलेली कोल्हापुरी. मग टायरच्या तळाची शेतकरी चप्पल. तिचे रबर जाड पण कडक. शेवटपर्यंत टिकला तो मऊ रबराचा, बारीक खाचांचा कापडी बूट. ही काही प्रयोगशाळा नव्हे, आणि एका फळीवरून जगाचा न्याय करू नये. पण जर्मनीत फरशीची परीक्षा याच तत्त्वावर घेतात, हे मला नंतर वाचनात आढळले. तेल लावलेल्या तिरप्या फळीवर बूट घातलेल्या माणसाला चालवतात, आणि तो कोणत्या उतारापर्यंत टिकतो त्यावरून फरशीला 'आर ९' ते 'आर १३' असे दर्जे देतात. हा दर्जा फरशीचा आहे, बुटाचा नव्हे, एवढे लक्षात ठेवावे.

आबा प्रयोग पाहत होते. कापडी बुटाचा तळ हातात घेऊन, खाचा बोटाने चाचपून ते म्हणाले, "कुणीतरी डोकं लावलंय."

ते डोके कोणाचे, याचीही एक गोष्ट आहे. पॉल स्पेरी नावाचा एक अमेरिकन शिडाच्या होडीतून हिंडे. ओल्या डेकवर तो घसरत असे. एकदा त्याचा कुत्रा बर्फावरून न घसरता पळताना त्याने पाहिला. पंजा उलटून पाहिला तर गादीवर बारीक भेगा. त्याने चाकू घेऊन रबरी तळावर तशाच नागमोडी चिरा पाडल्या, आणि १९३५ मध्ये डेकवरचा खास बूट बाजारात आणला. त्याचेही हत्यार चाकूच होते, हे आबांना फार आवडले.

मग निवड कशी करावी?

दुकानात गेलो की आपण आधी वरची बाजू पाहतो: रंग, पट्टा, किंमत. आबांची सवय उलटी. ते आधी पायताण उलटे करतात. आपणही तेच करावे.

तळ रबराचा असावा, आणि नखाने दाबला तर किंचित दबावा. खाचा पुष्कळ, बारीक आणि तळाच्या कडेपर्यंत पोहोचलेल्या असाव्यात. मध्येच बंद झालेल्या खाचेतून पाणी बाहेर जात नाही. टाचेकडचा भाग विशेष पाहावा, कारण घसरण तिथे सुरू होते. टाच रुंद व सपाट हवी. उंच टाच डोलत्या डेकवर म्हणजे संकटाला आमंत्रण. तळ फिकट रंगाचा, डाग न पाडणारा असल्यास बरा, म्हणजे डेकवर काळे ओरखडे उठत नाहीत.

पायताण पायाला मागूनही धरून ठेवणारे हवे. पाय ओला असेल तर तो पायताणाच्या आतही घसरतो; नुसती अडकवायची स्लीपर पायातून निसटते आणि आपण तिच्यावरच पाय देतो. म्हणून बूट, नाहीतर मागे पट्टा असलेली सँडल. वरचा भाग लवकर वाळणारा असावा. खरेदी संध्याकाळी करावी, कारण दिवसभराने पाय थोडे फुगतात. सकाळी बरोबर बसलेला बूट संध्याकाळी चावतो.

अनवाणी चालावे काय? आपले कोळी बांधव होडीवर अनवाणी चालतात आणि घसरत नाहीत. पण त्यामागे जन्माची सवय आहे. आपण चार दिवसांचे पाहुणे. उन्हाने तापलेला पत्रा, ठेच लागेल असे लोखंडी खुंट आणि बाहेरच्या दारांचे उंच उंबरे, हे सारे पाहता पाय झाकलेलेच बरे.

नोकरीवर जाणाऱ्याने मात्र एवढ्यावर थांबू नये. स्वयंपाकघरात उकळते तेल आणि सुऱ्या असतात. तिथे पुढून बंद बूटच हवा. सुरक्षा-बुटांवर पकडीची खूण छापलेली असते. पूर्वीच्या पद्धतीत 'एस.आर.ए.' म्हणजे साबणपाण्याच्या फरशीवर तपासलेला, 'एस.आर.बी.' म्हणजे ग्लिसरीन लावलेल्या पोलादावर तपासलेला, आणि 'एस.आर.सी.' म्हणजे दोन्हींवर उतरलेला. २०२२ च्या नव्या आंतरराष्ट्रीय मानकात ही अक्षरे काढली असून जादा परीक्षा दिलेल्या बुटावर नुसते 'एस.आर.' असते. दुकानात दोन्ही प्रकारचे बूट दिसू शकतात. नुसते 'न घसरणारा' असे दुकानदाराने सांगणे आणि बुटावर खूण असणे, यांत अंतर आहे.

विकत घेतले म्हणजे संपले असेही नाही. खाचांत तेलकट मळ बसला की नवा बूटही जुन्यासारखा वागतो. ब्रश आणि साबणाने तळ धुवावा. खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावा. खाचा झिजल्या की वरून कितीही नवा दिसला तरी तो बदलावा. आणि चालताना एक हात कठड्यासाठी मोकळा ठेवावा. पायताण कितीही चांगले असले तरी ते डोळ्यांचे आणि हातांचे काम करत नाही.

माझ्या आतेभावाने खूण पाहून कामाचे बूट घेतले. आबांनी त्याला कोल्हापुरीही दिली, पैसे न घेता. आई तेव्हा काही बोलली नाही. जोड कागदात तिनेच बांधून दिली. मध्यंतरी त्याचा फोन आला होता. वादळी समुद्रात ताटे घेऊन चालताना बुटांनी धरले, आणि बंदराला उतरल्यावर कोल्हापुरी पाहून चौघांनी ती कुठे मिळते म्हणून विचारले.

हे सर्व जहाजापुरतेच आहे असे कोणी समजू नये. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर घराघरांत जो गाळ साचला होता, त्यावर किती जण घसरले ते आपण पाहिले आहे. विसर्जनाच्या दिवशीचा घाट, पावसाळ्यातला महाविद्यालयाचा जिना, घरातले न्हाणीघर हे आपले डेकच आहेत. आपल्या वस्तूचा अभिमान जरूर असावा. पण ती कुठे चालते आणि कुठे नाही, हे ज्याला ठाऊक असते त्याचाच अभिमान खरा, असे मला आता वाटते. आबांनी त्या दिवशी आपल्या चपलेला उणे म्हटले नव्हते. तिला त्यांच्याइतके कोणी ओळखत नव्हते, म्हणून ते तसे बोलले.

हा लेख अंकाकडे देण्यापूर्वी मी आबांना वाचून दाखवला. ते सातवीपर्यंत शिकलेले. काही शब्दांशी त्यांनी मला थांबवले आणि मी ते शब्द बदलले. शेवटी म्हणाले, "बरं लिवलंयस. पर उद्या घाटावरनं जाताना चप्पल हातात घे."